आश्रिताची वजावट

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील कमावत्या माणसांची वर्गवारी करू गेल्यास, घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडणाऱ्या कर्जत स्थानकातील रेल्वेचे नोकर, पाताळगंगेच्या काठी रसायनी-खोपोलीकडे उभ्या राहिलेल्या कारखान्यांतील कायम व कंत्राटी कामगार, पहाटेच्या लोकलने ठाण्या-मुंबईच्या कचेऱ्या गाठणारे कारकून, उल्हासेच्या खोऱ्यात भातशेतीवर गुजराण करणारे शेतकरी, आणि वीटभट्टीवर व रानात मजुरी करून जगणारे कातकरी-ठाकर असे पाच थर सहज हाती लागतात. या प्रत्येक थरात असे एखादे घर असतेच, की जेथे पंचवीस-तीस वर्षांच्या मुलाला वा मुलीला आंघोळ घालण्यापासून औषध देण्यापर्यंतचा सांभाळ साठीकडे झुकलेल्या आईवडिलांनाच करावा लागतो. त्यांच्या तोंडी वारंवार येणारे वाक्य एकच असते: ‘आमच्या माघारी याचं कोण करील?’ या भाराची दखल राज्यसंस्था निरनिराळ्या कचेऱ्यांमधून निरनिराळ्या रीतीने घेते. त्या रीतींपैकी जिचा उच्चार सर्वांत अधिक होतो ती प्राप्तिकरातील वजावट होय, आणि वर सांगितलेल्या पाच थरांपैकी फार तर दोन-तीन थरांनाच ती शिवते.

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ यातील कलम ८०-डीडी हे या वजावटीचे मूळ स्थान. १ एप्रिल २०२६ पासून त्या जुन्या अधिनियमाची जागा २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी करदात्यांच्या आणि कर सल्लागारांच्या तोंडी अद्याप जुनाच क्रमांक आहे, म्हणून येथेही तोच वापरला आहे. कलमाचा आशय असा: भारतात निवासी असलेल्या करदात्यावर पती वा पत्नी, अपत्य, आईवडील अथवा भावंड यांपैकी कोणी दिव्यांग व्यक्ती सर्वस्वी किंवा मुख्यत्वे अवलंबून असेल, आणि तिच्या औषधोपचारावर, शुश्रूषेवर, प्रशिक्षणावर वा पुनर्वसनावर त्याने खर्च केला असेल, तर त्याच्या करपात्र उत्पन्नातून ठरावीक रक्कम वजा होते. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास ७५,००० रुपये आणि ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये, हे आकडे २०१५ च्या वित्त अधिनियमाने ठरविले. त्यापूर्वी, म्हणजे २००३ मध्ये या कलमाला आजचे रूप आले तेव्हा, ते ५०,००० आणि ७५,००० होते; पुढे तीव्र अपंगत्वाची रक्कम एक लाख झाली. २०१५ नंतर हॉस्पिटलच्या बिलापासून सांभाळायला ठेवलेल्या बाईच्या पगारापर्यंत सर्व काही वाढले, वजावट मात्र तेथेच राहिली.

या कलमात दोन गोष्टी मुद्दाम प्रशंसेच्या आहेत. पहिली ही, की प्रत्यक्ष खर्च दहा हजार झाला की दोन लाख, याची चौकशी न करता वजावट ठोक मिळते, त्यामुळे आईने रात्रंदिवस केलेल्या ज्या सेवेची पावती जगातल्या कोणत्याच दुकानात फाटत नाही तिच्यापायी वजावट अडून राहत नाही. दुसरी ही, की आश्रिताला वयाची मर्यादा नाही. इतर पुष्कळ कायद्यांच्या दृष्टीने अपत्य अठरा किंवा एकवीस वर्षांचे झाले की ते आईबापांच्या पदराबाहेर जाते, पण येथे चाळिशीतला मुलगाही आश्रितच मानला जातो. अट एवढीच, की त्या मुलाने स्वतःच्या विवरणपत्रात दिव्यांग व्यक्तीला मिळणारी कलम ८०-यू ची वजावट घेतलेली नसावी, कारण एकाच अपंगत्वावर दोघांना सवलत देणे कायद्याला मंजूर नाही.

टक्केवारीचा प्रश्न याहून अवघड आहे. कर्जत तालुक्यातील भातकऱ्याला तो वेगळ्या संदर्भात चांगला परिचित आहे, कारण पूर्वी आणेवारी आणि आता पैसेवारी या नावाने त्याच्या गावाच्या पिकाचा अंदाज सरकार दरसाल बांधते, आणि तो पन्नास पैशांच्या खाली उतरला तरच टंचाईच्या सवलती लागू होतात. एकोणपन्नास पैसे आणि एकावन्न पैसे पिकलेल्या दोन गावांची खाचरे बांधावर उभे राहून पाहिली तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण दप्तरात तो सारे काही ठरवून टाकतो. अपंगत्वाच्या रेषेचीही तीच गत आहे. बौद्धिक अपंगत्वाच्या बाबतीत २०१८ च्या अधिसूचनेने जे कोष्टक घालून दिले, त्यात सौम्य अपंगत्वाला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के असे ठरावीक टप्पे आहेत; अधले-मधले आकडे नाहीत. याचा परिणाम असा, की मध्यम अपंगत्वाचा मुलगा, जो आपल्या हाताने जेवतो खरा, पण ज्याला सुट्या पैशांचा हिशेब समजत नाही, जो एकटा स्टेशनापर्यंत जाऊ शकत नाही आणि ज्याला गॅस असलेल्या घरात तासभर एकटे सोडण्याची आईची छाती होत नाही, तो पाच टक्क्यांनी ८० च्या खाली राहतो. आणि त्याच्या वडिलांची वजावट सव्वा लाखाऐवजी पाऊण लाखावर थांबते. शासनाच्या दिव्यांग ओळखपत्राचा रंगही याच हिशेबाने पिवळा किंवा निळा होतो.

हे टप्पे ज्या मोजणीवर उभे आहेत तिची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत तज्ज्ञ प्रश्न विचारतो तो बहुधा मुलाला नसून त्याला सांभाळणाऱ्याला: शर्टाची बटणे स्वतः लावतो का, दुकानातून जिन्नस आणतो का, रस्ता ओलांडतो का, केस विंचरतो का. आता ज्या आईने वीस वर्षे खपून त्याला बटणे लावायला शिकविले, तिच्या तोंडून ‘हो तर, लावतो की’ हे उत्तर अभिमानाने निघते, आणि ती बटणे लावण्यासाठी रोज सकाळी अर्धा तास शेजारी बसून सांगावे लागते हा तपशील सांगायचा राहून जातो. मुलाचे कौतुक आणि मुलाचा हक्क यांच्यात अशी तेढ लावून देणारा दुसरा प्रसंग सरकारी व्यवहारात क्वचितच सापडेल. जाणत्या पालकांनी नवख्या पालकांना दिलेला सल्ला म्हणूनच असा असतो, की मोजणीला जाताना मुलाला काय येते ते सांगा, पण किती मदतीने येते तेही सांगा.

दाखल्याचे कागद नीट असणे ही पुढची पायरी. वजावटीसाठी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या प्रकारांसाठी तो १०-आयए या नमुन्यात असावा लागतो, आणि तो देण्याचा अधिकार मज्जातंतूतज्ज्ञाला, बालकाच्या बाबतीत बाल-मज्जातंतूतज्ज्ञाला, किंवा सरकारी रुग्णालयाच्या जिल्हा शल्यचिकित्सकाला वा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला आहे. दाखल्यावर ‘तात्पुरते’ असा शेरा आणि मुदत असेल, तर मुदत संपल्यावर नव्याने तपासणी करून नवा दाखला घेतल्याखेरीज पुढील वर्षांची वजावट मिळत नाही. अनेक पालकांची सवलत याच एका ओळीपायी खंडित होते. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण जिल्ह्याचे ठाणे अलिबागला असल्याने, जे काम जिल्ह्याच्या पातळीवरच होते त्यासाठी खोपोली-पेणमार्गे अलिबागला जावे लागते, आणि अनोळखी गर्दीत बिथरणाऱ्या तरुण मुलाला घेऊन हा प्रवास करणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच विचारावे.

आता या सवलतीचे प्रत्यक्ष मोल पाहू. वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. म्हणून ७५,००० रुपयांच्या वजावटीने ५ टक्क्यांच्या पट्टीत बसणाऱ्या करदात्याचे उपकरासह ३,९०० रुपये वाचतात, आणि ३० टक्क्यांच्या पट्टीतील करदात्याचे २३,४००. तीव्र अपंगत्वाच्या बाबतीत वरच्या पट्टीतील माणसाचे ३९,००० वाचतात. मुलगा तोच, त्याचे अपंगत्व तेच, त्याला लागणारी औषधेही तीच; पण बाप जितका अधिक मिळविता तितकी सरकारची मदत अधिक. आणि ज्याला कर भरावाच लागत नाही त्याच्या वाट्याला शून्य. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने पाली-भूतिवलीकडचा भातकरी, आणि उत्पन्नच तुटपुंजे असल्याने वीटभट्टीवरचा कातकरी, या दोघांच्या घरातील दिव्यांग मुलाचे अस्तित्व कलम ८०-डीडीच्या लेखी उमटत नाही.

काही देशांनी यावर दुसरी योजना केली आहे. अमेरिकेत अर्जित उत्पन्नावर मिळणारी एक सवलत थेट करातून वजा होते, आणि ती कराच्या रकमेहून मोठी ठरली तर उरलेले पैसे सरकार हाती देते. या सवलतीसाठी अपत्याला सामान्यतः वयाची मर्यादा आहे, पण अपत्य कायमचे व पूर्णतः अपंग असेल तर ती उठते. सर्वसाधारण अपत्य-सवलत मात्र त्याच देशात सतराव्या वर्षी संपते, अपंगत्व असो वा नसो, आणि त्यानंतर इतर आश्रितांसाठी ठेवलेली पाचशे डॉलरची लहान सवलत उरते. कॅनडात दिव्यांग व्यक्तीची करसवलत तिला स्वतःला वापरता येत नसेल तर ती सांभाळणाऱ्या आईवडिलांकडे वर्ग होते. आपल्याकडे करातून थेट वजा होणारी आणि निर्धनालाही पोहोचणारी अशी तरतूद प्राप्तिकरात नाही. ते काम येथे तहसील कचेरीकडे सोपविलेले आहे.

तहसीलदाराच्या कचेरीत ज्या टेबलापाशी हे काम चालते त्याला संजय गांधी शाखा म्हणतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीला दरमहा अनुदान मिळते. ते २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांपुरते २,५०० करण्यात आले, म्हणजे वर्षाला ३०,०००. एवढी रक्कम ८०-डीडीतून वाचविण्यास वरच्या पट्टीतील करदाता आणि निळे ओळखपत्र हे दोन्ही लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या गरिबांच्या टेबलाला कमी लेखण्याचे कारण राहत नाही. परंतु उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, आणि ती कुटुंबाची आहे. महिन्याला बारा-पंधरा हजारांवर कारखान्यात कंत्राटी काम करणारा खोपोलीचा बाप या मर्यादेच्या वर जातो आणि प्राप्तिकराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतो. त्याला ना वजावट, ना अनुदान. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा फार रुंद आहे, आणि माझ्या मते दिव्यांग अपत्य सांभाळणाऱ्या पालकांपैकी बहुसंख्य त्यातच राहतात. कायद्याचा खरा दोष वजावटीच्या आकड्यात शोधण्यापेक्षा या पट्ट्यात शोधावा.

या मधल्या माणसाला मिळणारी एक लहानशी सवलत राज्याच्या कायद्यात आहे आणि तिची वाच्यता फार होत नाही. महाराष्ट्रात पगारातून व्यवसाय कर कापला जातो, दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २,५००. १९७५ च्या या कायद्याने बौद्धिक अपंगत्व असलेल्या अपत्याच्या आईवडिलांना या करातून मुक्त ठेवले आहे. दाखला मालकाच्या वेतन विभागाकडे रुजू केला की कपात थांबते. रक्कम थोडी खरी. पण तीसएक वर्षांच्या नोकरीत ती पाऊण लाखापर्यंत जाते, आणि पगारपत्रकावर ती दरमहा कापली जात असतानाही मागणी करायची असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

इकडे प्राप्तिकरातील वजावटीची स्थिती मात्र गेल्या काही वर्षांत चमत्कारिक झाली आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली, आणि तिच्यात ८०-डीडी व ८०-यू या दोन्ही वजावटी नाहीत. ज्याला त्या हव्यात त्याने जुनी प्रणाली मुद्दाम निवडावी लागते. येथे भावनेच्या आहारी न जाता हिशेब करणे बरे. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही, तेव्हा त्या मर्यादेतील पालकाला वजावट गमावून काहीच गमवावे लागत नाही. चौदा लाख पगाराचा, गंभीर अपंगत्वाच्या मुलाचा पिता घेतला, आणि त्याने जुन्या प्रणालीत कलम ८०-सी ची दीड लाखाची वजावट, प्रमाणित वजावट व १,२५,००० ची ही वजावट अशा साऱ्या घेतल्या, तरी त्याचा कर उपकरासह १,४०,४०० होतो. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावटीखेरीज काहीही न वजा करता तो ८१,९०० होतो. घरकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता अशा आणखी वजावटी ज्याच्याजवळ असतील त्यालाच जुना मार्ग परवडेल. थोडक्यात, कलम रद्द झालेले नाही, परंतु त्याच्या वाटेला जाणे बहुतेकांना महाग पडते. दिव्यांग मुलाचा बाप आणि तेवढ्याच पगाराचा निश्चिंत गृहस्थ, दोघे आता सारखाच कर भरतात. दुसऱ्याहून पहिल्याचा खर्च अधिक आहे ही गोष्ट, जी कायद्याने निदान तत्त्वतः मान्य केली होती, ती सुटसुटीतपणाच्या नावाखाली हिशेबातून निघून गेली. मला हा तोटा रुपयांत मोजण्यापेक्षा मोठा वाटतो.

कलमाचा दुसरा भाग विम्याविषयी आहे. करदात्याने आयुर्विमा महामंडळाच्या अथवा अन्य मान्य विमा कंपनीच्या विशिष्ट योजनेत दिव्यांग आश्रितासाठी रक्कम भरली तरी वजावट मिळते. महामंडळाची ‘जीवन आधार’ ही योजना याच हेतूने काढलेली. पण दीर्घकाळ नियम असा होता, की विम्याची रक्कम आश्रिताला मिळावी ती आईवडिलांच्या मृत्यूनंतरच. वडील ऐंशी वर्षांचे, मुलगी पंचावन्नची, आणि पैशाची गरज आत्ता आहे, अशा घरात हा नियम जाचक ठरे. एका दिव्यांग मुलीच्या वडिलांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री यांच्या खंडपीठाने ती अमान्य केली, कारण आईवडिलांच्या पश्चात मुलाची सोय व्हावी हाच कलमाचा उद्देश आहे आणि कायदा बदलणे न्यायालयाचे काम नव्हे. मात्र पालकांची अडचण खरी आहे, केंद्र सरकारने तिचा विचार करावा, असेही सुचविले. २०२२ च्या वित्त अधिनियमाने तो बदल केला, आणि आता पालक साठ वर्षांचा होऊन त्याने हप्ते भरणे थांबविल्यावर त्याच्या हयातीतच आश्रिताला रक्कम मिळू शकते. एक पोटकलम मात्र तसेच राहिले: आश्रित आधी मरण पावला आणि भरलेली रक्कम पालकाकडे परत आली, तर ती त्या वर्षीचे पालकाचे उत्पन्न समजून तिच्यावर कर आकारावयाचा. अपत्यवियोगाच्या वर्षी विवरणपत्रात ही ओळ भरावयास लावणारा मसुदा ज्याने लिहिला, त्याला लेखाशास्त्र उत्तम येत असले पाहिजे.

विम्याला न जाता मुलाच्याच नावे मुदत ठेव करावी, असाही विचार घरोघर होतो. सज्ञान मुलाला आईवडिलांनी दिलेल्या देणगीवर कर नाही आणि तिच्या व्याजाची गणना आईवडिलांच्या उत्पन्नात होत नाही. एवढेच नव्हे, तर अज्ञान अपत्याचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळविण्याचा जो नियम आहे, त्यातूनही दिव्यांग अपत्याला वगळलेले आहे. पण ठेव करायला गेल्यावर बँकेच्या खिडकीशी निराळीच गोष्ट कळते: मुलगा अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपले, आणि त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्यांना राहिला नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने यावर उपाय केला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज केल्यास ती आईवडिलांनाच कायदेशीर पालक नेमते. समिती अर्थातच अलिबागला. आईवडिलांनी आपल्या हयातीतच, एखादे भावंड किंवा बदलापूरच्या पालकांनी चालविलेल्या ‘आधार’सारखी निवासी संस्था यांच्याशी बोलून, आपल्यानंतरच्या पालकाचाही विचार करून ठेवणे श्रेयस्कर. मृत्युपत्राने केवळ आश्रितासाठी न्यास निर्माण केल्यास त्याच्या उत्पन्नावर कमाल दराऐवजी नेहमीच्या टप्प्यांनी कर लागतो, ही सोयही कायद्यात आहे.

उरते निवृत्तिवेतन, आणि येथे कर्जतचे रेल्वे स्थानक आणि पाताळगंगेचे कारखाने यांच्यातील अंतर स्पष्ट होते. जुन्या निवृत्तिवेतनाखालील रेल्वे नोकर आणि त्याची पत्नी यांच्या पश्चात, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आजन्म मिळते. त्याची किमान रक्कम दरमहा ९,००० रुपये असून वर महागाई सवलत असते, आणि २०२१ मध्ये केंद्राने उत्पन्नाची अटही शिथिल केली. त्यासाठी नोकराने आपल्या हयातीत मुलाचे नाव कुटुंबाच्या यादीत दाखल्यासह चढवून ठेवावे आणि मुलाच्या वतीने रक्कम घेणाऱ्या पालकाचे नावही लिहून द्यावे. हे न केलेल्या घरातील भावंडांना पुढे दप्तरामागून दप्तर हिंडावे लागते. कारखान्यातील भविष्य निर्वाह निधीचा सभासद असलेल्या कामगाराच्या कायमच्या व पूर्णतः अपंग अपत्यालाही १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली वयाची अट न लावता आजन्म वेतन आहे. आई हयात असेपर्यंत त्याची किमान रक्कम दरमहा २५० रुपये आहे, आणि दोघेही गेल्यावर ७५०.